न्यायालयाच्या भिंतीवरची लोकर

चंडीगडच्या उच्च न्यायालयातल्या भित्तिगालिच्यांवर तीन आक्षेप घेतले जातात. ते निव्वळ शोभेचे आहेत. त्यांत कथा नाही. आणि चार भिंतींआडची वस्तू सार्वजनिक कला ठरूच शकत नाही. तिन्ही आक्षेप तपासून पाहू.

पहिला शोभेचा. वास्तुकार ल कॉर्बुझिए यांनी रचलेल्या या इमारतीचे उद्घाटन मार्च 1955 मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. उघड्या काँक्रीटच्या उंच दालनांत आवाज घुमतो, शब्दावर शब्द चढतो. त्यावर उपाय म्हणून मुख्य न्यायमूर्तींच्या दालनासाठी 144 चौरस मीटरचा आणि इतर आठ दालनांसाठी प्रत्येकी 64 चौरस मीटरचा गालिचा काश्मीरमध्ये विणून घेतला गेला. लोकर घुमणारा आवाज शोषून घेते. काही न्यायाधीशांना गालिच्यांवरची चित्रे रुचली नाहीत. त्यांच्या आवडीनिवडीचा मान राखूनही एक गोष्ट सांगितलीच पाहिजे: साक्षीदाराचा शब्द नीट ऐकू येणे ही न्यायाची पहिली गरज आहे. ती भागवणारी वस्तू शोभेची कशी? उपयोगी पडल्याने कला हलकी होत नाही, उलट तिला जागेवर हक्क मिळतो.

दुसरा आक्षेप कथेचा. गालिच्यांवर सूर्य, ढग, वीज, तराजू, पावलांचे ठसे अशी चिन्हे आहेत. त्यांत आदि-मध्य-अंत नाही, हे खरे. पण कथेला क्रम लागतोच असे कोणी ठरवले? वारली लग्नात भिंतीवर काढल्या जाणाऱ्या चौकात देवी, सूर्य, चंद्र, झाड आणि घोडा एकाच वेळी समोर असतात. लग्नगीते गाणारी धवलेरी गाते आणि चित्र बोलू लागते. न्यायालयात तराजूसमोर बसलेल्या पक्षकाराजवळ स्वतःची कहाणी असतेच. चिन्हे तिला जागा देतात.

तिसरा आक्षेप सर्वांत दुबळा. न्यायदान खुल्या न्यायालयात व्हावे, हे आपल्या न्यायव्यवस्थेचे तत्त्व आहे. संग्रहालयात चित्रांची आवड असलेला माणूस जातो. इथे जमिनीच्या वादातला शेतकरीही येतो आणि खटला पुकारला जाईपर्यंत त्याच भिंतीसमोर बसतो. याहून सार्वजनिक जागा कोणती?

म्हणून गालिचे जपण्यासाठी संग्रहालयात हलवा, हा सल्ला मान्य करता येत नाही. तिथे लोकर टिकेल, तिचे काम संपेल. हे न्यायालय ज्यात आहे तो कॅपिटॉल परिसर 2016 मध्ये जागतिक वारसा ठरला. त्या वारशात काँक्रीटइतकाच धाग्याचाही वाटा आहे. कसर, धूळ आणि ऊन यांपासून गालिच्यांची निगा जागेवरच राखावी. आणि गालिच्यांचे रेखाटन करणाऱ्या ल कॉर्बुझिए यांच्या नावाशेजारी विणकरांचे ऋणही तितक्याच ठळक अक्षरांत मांडावे. कागदावरची रेघ धाग्यात उतरवताना रंग आणि वळण सांभाळणारा हात निव्वळ मजुराचा नसतो. त्या हाताला श्रेय नाकारणे हाही अन्यायच आहे, आणि तो न्यायालयाच्या भिंतीवर तरी राहू नये.