रताळ्याला युरिया नको, निरोगी बेणे हवे

उपवासाचे दिवस जवळ आले की रताळ्याला भाव येतो आणि सगळीकडून एकदम माल आला की तोच भाव कोसळतो. चंदगड, बेळगाव भागातल्या शेतकऱ्याला हे नवे नाही. भाव आपल्या हाती नाही, हे खरेच. पण एकरातून किती आणि कसला माल निघावा, हे बरेचसे आपल्या हाती आहे.

देशाची सरासरी हेक्टरी सुमारे 10 टन, म्हणजे एकरी 4 टन. चीनची सरासरी याच्या दुपटीच्या घरात आहे. उत्पादन वाढवायचे म्हटले की आपण आधी खताच्या गोणीकडे बघतो. परंतु युरिया जास्त झाला तर वेल माजतो आणि कंद बारीक राहतात. खर्च झाला, हाती आला तो पाला!

खरा घाटा होतो तो सोंड्या भुंग्यामुळे. जमिनीला भेगा पडल्या, कंद उघडा राहिला की भुंगा आत शिरतो. किडका कंद कडू होतो, तो बाजारात चालत नाही. समजा, 4 टनांत पाचवा हिस्सा असा निघाला, तर 800 किलो माल गेला. त्याची मशागत, खुरपणी, काढणीची मजुरी मात्र आधीच देऊन झालेली असते. लहान शेतकऱ्याने एकरी टनांपेक्षा हा हिशेब आधी मांडावा. त्याच खर्चात विकण्याजोगा माल किती, हीच खरी कार्यक्षमता.

ही कीड पुष्कळदा बेण्याबरोबरच येते. जुन्या शेतातले वेल तोडायचे आणि तेच पुन्हा लावायचे, ही आपली रीत. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेची शिफारस वेगळी आहे. सव्वाशे-दीडशे ग्रॅमचे, न किडलेले 80 किलो कंद 1 गुंठ्यात लावावेत. सुमारे दीड महिन्याने त्यांचे वेल तोडून 5 गुंठ्यांत लावावेत. आणखी दीड महिन्यात हेक्टरभर लागवडीचे बेणे तयार होते. एकराला याच्या निम्म्याहून कमी पुरते. जूनअखेर लागण करायची तर पाडव्याच्या सुमारास कंद मातीत गेले पाहिजेत. वाण बदलायचा असेल तर दापोली कृषी विद्यापीठाची 'कोकण अश्विनी' आहे.

पुढची कामे खर्चाची नाहीत, वेळेची आहेत. महिन्याने आणि पुन्हा दोन महिन्यांनी मातीची भर द्यावी. कामगंध सापळे लावावेत. एकाच रानात दरसाल रताळी घेऊ नयेत. काढणी झाल्यावर किडके कंद बांधावर टाकू नयेत, नष्ट करावेत. भावाची वाट बघत तयार पीक जमिनीत ठेवले तर भुंग्याला आयतेच रान मिळते.

अडचण एवढीच की उन्हाळ्यात 2 गुंठ्यांसाठी पाणी प्रत्येकाकडे नसते. म्हणून हे काम गावाने मिळून करावे. ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्याच्या रानात एखाद्या बचत गटाने वेलांची रोपवाटिका करावी, बाकीच्यांनी आगाऊ मागणी नोंदवावी. कृषी सहायक व ग्रामपंचायतीने ही नोंदणी फेब्रुवारीतच घ्यावी. लागणीच्या तोंडावर बैठक घेऊन काही उपयोग नाही, तोवर जुनेच वेल सरीत गेलेले असतात.