विनोदी कादंबरीची शिफारस : एक विचार

एखाद्या सहवाचकाने विनोदी कादंबरीचे नाव विचारले असता मराठीत बहुधा कादंबरी सुचवलीच जात नाही. चिं. वि. जोशी यांच्या चिमणराव-गुंड्याभाऊंच्या कथा किंवा पु. ल. देशपांडे यांची 'बटाट्याची चाळ' (१९५८) पुढे केली जाते. या ग्रंथांचे मोल निर्विवाद आहे. तथापि श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांपासून मराठी विनोद प्रामुख्याने लेख, कथा, व्यक्तिचित्र अशा लघुरूपांत बहरला, हेच या उत्तरातून सूचित होते. चिमणरावाची एका कथेतील फजिती त्या कथेपुरतीच असते. पुढच्या कथेत तो नव्याने फजीत होण्यास मोकळा असतो. कादंबरीत मात्र काळ साचत जातो आणि हसण्याचे परिणाम पात्राला भोगावे लागतात.

ही कसोटी लावल्यास शिफारशीची दिशा बदलते. जयवंत दळवी यांच्या 'सारे प्रवासी घडीचे' (१९६४) मध्ये कोकणातील खेड्यातील विक्षिप्त माणसांवर वाचक मनमुराद हसतो; परंतु ही माणसे काळाच्या ओघात नाहीशी होणारी आहेत, ही जाणीव शीर्षकापासूनच त्या हास्याला वेढून असते.

भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'चे (१९६३) उदाहरण अधिक बोलके आहे. अस्तित्ववाद, परात्मता या संज्ञांच्या आधारे ही कादंबरी इतकी शिकवली गेली, की ती विनोदी आहे हे सांगण्यास अध्यापक कचरतो. वसतिगृहातील मेसचा कारभार पाहताना पांडुरंग सांगवीकराची उडणारी तारांबळ, महाविद्यालयीन जीवनातील पोकळ प्रतिष्ठेची टवाळी, इतिहासलेखनाचे विडंबन ही स्थळे केवळ विरंगुळ्याची नव्हेत. सर्व गोष्टींची टर उडवणाऱ्या या निवेदकाला धाकट्या मनीच्या मृत्यूपुढे ते शस्त्र वापरता येत नाही. आधीचे हसू ज्याने अनुभवलेले नाही, त्याला या ठिकाणची निःशब्दता पुरती जाणवणार नाही. विनोद वगळून केलेले वाचन अशा रीतीने कादंबरीतील शोकालाही पारखे होते.

म्हणूनच पदव्युत्तर विद्यार्थ्याला 'कोसला' सुचवताना प्रथम तिच्यातील विनोदाचाच निर्देश व्हावा. समीक्षेच्या संज्ञा नंतरही देता येतात. पहिल्या वाचनातील हसू मात्र एकदा गमावले की परत मिळत नाही.