लॉ सीईटी मराठीतून, पण गाडी अडते इंग्रजीवर

वकिलीला जायचं म्हटलं की गावाकडे पहिला प्रश्न निघतो, क्लास कुठला लावायचा? पुण्यात खोली, मेस, फी, सगळा हिशोब लगेच सुरू. त्याआधी पेपर कसा असतो ते घरात बसून एकदा बघा.

राज्य सीईटी कक्षाची लॉ सीईटी कॉम्प्युटरवर होते. अलीकडच्या रचनेप्रमाणे 120 प्रश्न, वेळ दोन तास. पेपर मराठीतूनही मिळतो आणि चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. म्हणजे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

आता गुणांची वाटणी बघा. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या कोर्सला इंग्रजीचे 24 प्रश्न. पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या कोर्सला मात्र तब्बल 40, सामान्य ज्ञान 32, कायदा 24 आणि तर्क 24. आपल्या तालुक्यातली बरीच पोरं बीए मराठीतून करून या दुसऱ्या वाटेने येतात. पेपर मराठीत घेतला तरी इंग्रजीचा भाग इंग्रजीतच सोडवावा लागतो. 120 पैकी 40 म्हणजे तिसरा हिस्सा! आणि आपली पोरं कायद्याची जाडजूड पुस्तकं पाठ करत बसतात, ज्याचे प्रश्न फक्त 24. रोज एक इंग्रजी उतारा आणि एक पेपर वाचला, तर 72 प्रश्नांची तयारी त्यातच होते. हे काम मोबाईलवरही जमतं, पण वेळ लावून सराव परीक्षा कॉम्प्युटरवरच द्या. माऊसची सवय नसली की मिनिटं जातात.

क्लॅटची गोष्ट वेगळी. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांत बारावीनंतर जायचं तर हीच परीक्षा. सगळा पेपर इंग्रजीत, लांब उताऱ्यांवर, चुकलं की पाव मार्क वजा. तालुका कोर्टाची भाषा 1998 पासून मराठी ठरलेली आहे, अशिलाची तर मराठीच. तरी राज्याच्या कायद्याने उभ्या राहिलेल्या या तीन विद्यापीठांचं दार मराठीतून उघडत नाही. हा पोरांचा कच्चेपणा नाही, व्यवस्थेने केलेला अन्याय आहे, असं आमचं स्पष्ट मत.

राहिली कागदपत्रं. मार्क चांगले पडूनही राखीव जागा हातची जाते ती इथेच. जात पडताळणीला महिने लागू शकतात, त्यामुळे अर्ज परीक्षेच्या आधीच टाका. नॉन क्रिमिलेयर चालू मुदतीचं आहे का, दाखल्यावरचं आणि आधारवरचं नाव जुळतं का, हे आजच तपासा. निकाल लागल्यावर सेतूत रांग लावली तर प्रवेशाची फेरी तुमच्यासाठी थांबत नाही.