अकरा महिन्यांनंतर काय?

योजना जाहीर होते तेव्हा फलक लागतात, छायाचित्रे छापून येतात. ती संपते तेव्हा साधी नोंदही होत नाही. आपल्या सार्वजनिक जीवनाचा हा जुना अनुभव आहे. ‘मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजने’तून बाहेर पडलेल्या तरुणांच्या वाट्याला आज तोच अनुभव आला आहे.

२०२४ च्या जून महिन्यात राज्याच्या अतिरिक्त अर्थसंकल्पात या योजनेची घोषणा झाली. बारावी उत्तीर्णास दरमहा ६ हजार, आयटीआय वा पदविकाधारकास ८ हजार आणि पदवीधरास १० हजार रुपये विद्यावेतन ठरले. मुदत सहा महिन्यांची होती. २०२५ मध्ये ती अकरा महिने करण्यात आली. मुदत वाढली, पण मूळ प्रश्न सुटला नाही, तो केवळ पाच महिने पुढे ढकलला गेला. मुदत संपताच सेवेत कायम करण्याची मागणी घेऊन हेच तरुण आंदोलनास उतरले.

“फुकटचे पैसे मिळाले, आता आणखी काय हवे?” असा कुत्सित प्रश्न विचारणारे कमी नाहीत. त्यांनी आपल्या तालुक्याच्या कार्यालयात एकदा डोकावून यावे. पदे रिक्त, कामाचे ढीग आणि संगणकासमोर बसणारा कोणी नाही, अशा जागी या मुलांनी दाखले तयार केले, नोंदी भरल्या, शाळेत वर्ग सांभाळले. हे जर प्रशिक्षण होते, तर त्याचा अभ्यासक्रम कोणता? शिकवणारा कोण? परीक्षा कोणी घेतली? आणि हे जर काम होते, तर त्याला प्रशिक्षण म्हणण्याचे प्रयोजन काय? शासनाने दोहोंपैकी एक उत्तर द्यावे. दोन्ही सोयी एकाच वेळी घेता येणार नाहीत.

तथापि, सरसकट कायम करण्याच्या मागणीस आमचा पाठिंबा नाही, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे. उमादेवी प्रकरणात १० एप्रिल २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तात्पुरत्या नेमणुकीतून कायमपणाचा हक्क निर्माण होत नाही, असा निर्वाळा दिला. राज्यघटनेच्या १४ व्या आणि १६ व्या अनुच्छेदातील समान संधीचे तत्त्व त्यामागे आहे. पुण्यातील अभ्यासिकांत वर्षानुवर्षे स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाला डावलून मागच्या दाराने भरती करणे हा कोणता न्याय? हे ठाऊक असूनही आंदोलकांच्या व्यासपीठावर जाऊन “तुम्हाला कायम करूनच दाखवतो” अशी गर्जना करणारा पुढारी त्या तरुणांचा हितचिंतक नव्हे. तो त्यांच्या आशेचा व्यापारी आहे.

परंतु न्यायालयाच्या निर्णयाची ढाल पुढे केल्याने शासनाचे कर्तव्य संपत नाही. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा करून मागेल त्याला काम देण्याचे दायित्व स्वीकारणारे हे राज्य आहे. त्या राज्याने आपल्याच सुशिक्षित तरुणांना एक कागद हाती देऊन वाटेला लावावे, हे शोभत नाही. प्रमाणपत्रावर केवळ कालावधी नको. कोणते काम शिकले आणि कितपत साधले, याचे तपासलेले मूल्यमापन हवे. या कामात खर्ची पडलेल्या महिन्यांइतकी वयोमर्यादेत सवलत हवी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रिक्त पदांची जाहिरात ठरल्या वेळी निघून परीक्षा निर्दोष व्हायला हवी. ज्या खुर्चीवर प्रशिक्षणार्थी अकरा महिने बसू शकतो, त्या खुर्चीची भरती अशक्य कशी?

समाजासही हात झटकता येणार नाहीत. आपल्या गावातील सहकारी बँक, कारखाना, शिक्षणसंस्था वा दुकान चालवणाऱ्यांनी या मुलांना बोलावून त्यांचे काम पारखावे. कार्यकर्त्यांनी आपल्या वस्तीतील अशा तरुणांची यादी करून ती उद्योजकांपर्यंत पोहोचवावी. त्यासाठी शासननिर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही.

तरुणाला भीक नको असते, त्याला आपल्या श्रमाची किंमत आणि पुढचा रस्ता हवा असतो. अकरा महिने ज्याला राज्याने ‘आपला’ म्हटले, त्याला बाराव्या महिन्यात परका ठरवणाऱ्या योजनेस युवककल्याण म्हणता येणार नाही.