पडाव चुकला तर बोट चुकली

दोस्तांनो, आज एक सोपा प्रश्न. मालवणला आगगाडीचं स्टेशन कुठे आहे? घाटावरची मुलं नकाशा शोधायला लागतील आणि मालवणची मुलं हसतील. कारण मालवणला स्टेशनच नाही! कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ ला सुरू झाला, पण ती गाडी धावते आतून, कणकवली-कुडाळवरून. तिथे उतरायचं, मग एसटी पकडायची नाहीतर रिक्षा. एसटी चुकली तर बाकावर बसून पुढचीची वाट बघायची. म्हणजे आमच्याकडे प्रवास म्हटला की गाडी बदलणं आलंच.

पूर्वी तर याहून मजा होती. माझी आई आज एक्क्याऐंशी वर्षांची आहे. तिच्या लहानपणी मुंबईला जायचं म्हणजे बोटीने. मालवणच्या बंदरात खडक फार, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूला बघितलेत ना? त्यामुळे मोठी आगबोट धक्क्याला लागायची नाही. ती लांब समुद्रात उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या, कोंबड्या, सगळं पडावात बसवून तिच्यापर्यंत न्यायचे. पडाव म्हणजे मोठी होडी. तो वेळेवर पोचला तर बोट मिळायची, नाहीतर नाही. बोट कुणासाठी थांबत नसे. मुंबईत उतरायचं ते भाऊच्या धक्क्यावर. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी बंद. मग एसटीने घाट चढून कोल्हापूर, आणि तिथून आगगाडी. "पडाव चुकलो तर बोट चुकली" हे आईचं ठरलेलं वाक्य. शाळेला उशीर झाला तरी आम्हाला हेच ऐकायला मिळे.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे गेल्या ऑगस्टमधला एक बुधवार. संध्याकाळी आई न्हाणीघराच्या पायरीवरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं. कुडाळला नेलं. डॉक्टर म्हणाले, या वयात असं हाड मोडलं की फार दिवस थांबायचं नसतं, माणूस अंथरुणाला खिळला की दुसरी दुखणी मागे लागतात. शुक्रवारी सकाळी अकरा वाजता ऑपरेशन ठरलं.

माझा धाकटा भाऊ टोरोंटोत असतो. नेमका तेव्हा तो ऑफिसच्या कामासाठी फिरतीवर होता. टोरोंटोहून फ्रँकफर्ट, तिथे काम. मग मुंबई, तिथेही दोन दिवस काम. मग गोवा, म्हणजे घर! आणि शेवटी परत टोरोंटो. सगळं एकाच तिकिटावर, आणि तेसुद्धा बिझनेस क्लासचं. बिझनेस क्लास म्हणजे काय ठाऊक आहे ना? विमानाच्या पुढच्या भागातल्या ऐसपैस खुर्च्या. लांबच्या प्रवासात त्या आडव्या करून चक्क पलंगासारखं झोपता येतं. भावाची पाठ धरते, त्यामुळे त्याला त्याचं फार अप्रूप.

आम्ही फोन केला तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेआठ आणि फ्रँकफर्टला संध्याकाळचे पाच. तो एवढंच म्हणाला, "ताई, मी मुंबईचं काम रद्द करतो. सरळ येतो."

आता सरळ येतो म्हणणं सोपं, पण विमानं बदलायची म्हणजे काय काय करायचं? इथे आमच्या घरातली दुसरी हुशार व्यक्ती पुढे आली. माझी पुतणी, इयत्ता नववी. आजीच्या काळजीने तिला झोप येत नव्हती, म्हणून वही घेऊन बसली माझ्याशेजारी.

भावाचा पहिला बेत असा. मुंबईपर्यंत विमानाने यायचं, पुढचं गोव्याचं विमान सोडून द्यायचं आणि रात्रीच मोटार करून निघायचं. पुतणीने विचारलं, "काका, गोव्याचं विमान सोडलंस तर परतीच्या तिकिटाचं काय?"

"त्याचं काय? ते आहेच की."

पण ते नसतं, दोस्तांनो! हे मलाही ठाऊक नव्हतं. विचारलं तेव्हा कळलं. आता तिकीट म्हणजे फोनवरचा निरोप झालाय, पण २००८ सालापर्यंत विमानाची छापील तिकिटंही चालत. कुणाच्या घरी जुनं असेल तर मागून घ्या आणि बघा. लहानशी पुस्तिका, पानांच्या मागे लाल कार्बन. प्रवासाच्या प्रत्येक टप्प्याचं वेगळं पान, त्याला कूपन म्हणायचे. विमानात चढताना त्या टप्प्याचं कूपन फाडून घेत. नियम असा की कूपनं ओळीनेच वापरायची. मधलं एखादं तसंच राहिलं, तर पुढची सगळी बाद. कागद गेला, पण नियम तोच राहिला. न कळवता एका विमानाला गैरहजर राहिलात, की संगणक पुढचे सगळे टप्पे पुसून टाकतो. म्हणजे भाऊ मोटारीने घरी आला असता, आणि परत जायच्या दिवशी विमानतळावर त्याला सांगितलं असतं, तुमचं तिकीटच नाही. टप्पा नको असेल तर आधी सांगून तिकीट बदलून घ्यायचं, गुपचूप सोडायचा नाही.

मोटारीचा बेत गेला. थोड्या वेळाने ऑफिसच्या ट्रॅव्हल एजंटने दोन रस्ते सुचवले. कागद-पेन्सिल घ्या, आपण दोन्ही तपासू. एक लक्षात ठेवा, तिकिटावरची वेळ नेहमी त्या त्या गावची असते. उन्हाळ्यात फ्रँकफर्टचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं आणि दुबईचं दीड तास.

पहिला रस्ता दुबईवरून. गुरुवारी दुपारी ३.२० ला फ्रँकफर्टहून निघायचं, सहा तासांनी दुबई. तिथून मध्यरात्रीनंतर १२.५० ला सुटायचं, तीन तासांत मुंबई. मांडा गणित. शुक्रवारी पहाटे ५.२०. मुंबईहून गोव्याचं विमान ६.३० ला. दोन्ही मोठ्या विमानांत बिझनेस क्लासची जागा शिल्लक होती. मात्र गोव्याचं तिकीट वेगळं काढावं लागणार होतं.

दुसरा रस्ता थेट. गुरुवारी दुपारी १.१० ला फ्रँकफर्टहून निघायचं, सव्वाआठ तासांनी मुंबई. म्हणजे तिथले रात्रीचे ९.२५ आणि आपले १२.५५. तारीख बदलली, शुक्रवार लागला! पुढे तेच ६.३० चं गोव्याचं विमान, आणि तेही त्याच तिकिटात. पण थेट विमानात बिझनेस क्लास भरलेला. उरली होती मागची साधी जागा, तीही रांगेतली मधली. (तेच विमान जानेवारीत त्याच वेळेला सुटलं तर मुंबईत किती वाजता पोचेल? तिकडे हिवाळ्यात घड्याळ एक तास मागे घेतात, आपण घेत नाही. वहीत काढून बघा.)

भाऊ म्हणाला, "दुबईवरून येतो. झोप होईल, पाठ दुखणार नाही, आणि गोव्याचं विमान तर दोन्हीकडे एकच."

खरंच की! मलाही पटलं होतं. पुतणी वहीत बघत म्हणाली, "काका, ५.२० ते ६.३० म्हणजे एक तास दहा मिनिटं."

"पुष्कळ झाली. फ्रँकफर्टला मी तेवढ्यात दोनदा विमान बदलतो."

ती म्हणाली, "तिकडे तू बॅग घेतोस का?"

यातच सगळी गोम आहे. परदेशातून परदेशात जाताना बॅग आपोआप पुढच्या विमानात जाते, आपण हात हलवत चालायचं. पण परदेशातून भारतात आलो की पहिल्या विमानतळावर पासपोर्टच्या रांगेत उभं राहायचं, मग पट्ट्यावर आपली बॅग येईपर्यंत थांबायचं, ती घेऊन कस्टम्समधून बाहेर पडायचं, पुन्हा ती पुढच्या विमानासाठी द्यायची आणि पुन्हा सुरक्षा तपासणी. आणि विमान सुटायच्या बऱ्याच आधी बॅगा घेणं बंद करतात, ते वेगळंच.

म्हणूनच प्रत्येक विमानतळावर विमान बदलायला निदान किती वेळ हवा, हे ठरवून ठेवलेलं असतं. त्यापेक्षा कमी वेळ असेल तर संगणक ती दोन विमानं एका तिकिटात जोडतच नाही. आता कळलं, गोव्याचं तिकीट 'वेगळं काढा' असं का सांगत होते? आणि तिकीट वेगळं असलं की आणखी एक पंचाईत. एकाच तिकिटावर आधीच्या विमानाला उशीर होऊन पुढचं चुकलं, तर कंपनी तुम्हाला पुढच्या विमानात बसवून देते. वेगळ्या तिकिटावर चुकलं तर तुमचं तुम्ही बघा. पडाववाला वेगळा, बोटवाला वेगळा!

तशात पावसाळा. गाडीने यावं म्हटलं तर रात्रीच्या गाड्या ५.२० च्या किती तरी आधी सुटून गेलेल्या, आणि पावसाळ्यात कोकण रेल्वेच्या गाड्या मुद्दाम सावकाश चालवतात. ६.३० चं विमान चुकलं की अकराच्या आत कुडाळ गाठायचा दुसरा मार्ग नव्हता. चिपीचं आमचं सिंधुदुर्ग विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झालं, तेही बघितलं. आम्हाला हव्या त्या वेळेला मुंबईहून विमान नव्हतं.

फोनवर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग भाऊ म्हणाला, "मधली तर मधली."

तिकीट बदललं. मुंबईचा मुक्काम काढला, परतीचे टप्पे तसेच ठेवले. पण पुतणीचं समाधान झालं नव्हतं. "काका, गोवा म्हणजे कुठलं गोवा?" झोप उडालेल्या माणसाला असा प्रश्न विचारल्यावर तो काय म्हणाला, ते इथे छापत नाही. पण प्रश्न बरोबर होता. गोव्यात आता दोन विमानतळं आहेत. दाबोळी जुनं, ते मांडवी आणि झुवारी दोन्ही नद्यांपलीकडे. मोपा नवीन, तिथली वाहतूक जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाली, आणि ते आमच्या बांद्याच्या अगदी जवळ. प्रत्येक विमानतळाला तीन अक्षरी नाव असतं. दाबोळी जीओआय, मोपा जीओएक्स, आपलं चिपी एसडीडब्ल्यू. ऑफिसने मूळ तिकीट काढलं होतं दाबोळीचं, आणि आम्ही मोटार पाठवणार होतो मोप्याला! तेही बदलून घेतलं. बॅगेवरच्या चिठ्ठीवर हीच अक्षरं छापतात, ती वाचायची सवय ठेवा. बॅग आपल्याहून लांब फिरून आली, असं पुष्कळांचं झालंय.

गुरुवार कसा गेला ते सांगत नाही. आई कण्हत होती आणि मध्येच विचारत होती, "तो खंय पोचलो?" आम्ही फोनवर विमानाचं टिंब बघून सांगायचो, आता काळ्या समुद्राजवळ, आता आणखी पुढे.

विमान १२.५५ च्या जरा आधीच मुंबईत उतरलं. त्याच वेळी आणखी मोठी विमानं उतरली होती, पासपोर्टची रांग लांबलचक, आणि बॅग शेवटून तिसरी आली. बॅग पुन्हा देऊन मोकळा झालो, असा त्याचा निरोप आला तेव्हा घड्याळात २.४० झाले होते. पुतणीने पेन उघडून वहीत वजाबाकी केली आणि काही न बोलता मला दाखवली. एक तास पंचेचाळीस मिनिटं.

दुबईचं विमान त्या पहाटे वेळेवर आलं का, हे तिला बघायचं होतं. मी फोन काढून घेतला आणि तिला झोपायला पाठवलं.

मोप्याहून भाऊ सव्वानऊला कुडाळला पोचला. पाठ वाकडी, डोळे लाल. बिझनेस क्लास आणि साधी जागा यातल्या फरकाचे पैसे ऑफिसला मिळाले की नाही, ते ऑफिस जाणे. पुढे आईला चालतं करण्यासाठी तो जास्त राहिला, परतीची तारीख दोनदा बदलली. थोडे पैसे भरावे लागले, पण बदलता आली. कूपनं जिवंत होती ना!

त्या सकाळी तो खाटेपाशी गेला तेव्हा आईला सुईने थोडी गुंगी आली होती. तिने डोळे उघडले, त्याचा हात चाचपला आणि म्हणाली, "इलंस? पडाव गावलो मां?"

अकराला तिला आत नेलं. आता ती वॉकर घेऊन ओटीपर्यंत येते आणि शाळेला निघालेल्या पुतणीला रोज एसटीची वेळ विचारते.