चित्र गुळगुळीत, पण उतार?

‘बायक्युबिक’ हे नाव एकच, पण त्यामागची कर्नेल, म्हणजे पिक्सेलांच्या मधली किंमत काढताना शेजारच्या पिक्सेलांना वजने देणारे सूत्र, दर ठिकाणी तीच असेल असे नाही. रॉबर्ट कीज यांनी १९८१ साली मांडलेल्या सूत्रात एक मोकळा गुणांक आहे. कीज यांनी तो −०.५ ठरवला आणि पिलो ही सॉफ्टवेअर लायब्ररी तोच वापरते. ओपनसीव्ही आणि पायटॉर्च या लायब्ररी −०.७५ घेतात. फोटो मोठा करताना −०.७५ ने कडा जरा उठून दिसतात, एवढेच.

डेरिव्हेटिव्ह काढला की फरक लपत नाही. दर पिक्सेलला उजळपणा १ ने वाढेल असे चित्र घ्यावे. त्याचा खरा उतार सगळीकडे १. कीज यांची कर्नेल तो तंतोतंत देते. −०.७५ वाली मात्र पिक्सेलच्या नेमक्या बिंदूवर १.५ सांगते आणि दोन पिक्सेलांच्या मधोमध ०.७५. म्हणजे चित्र अर्धा पिक्सेल सरकले की उतार निम्मा! एमआरआयच्या दोन प्रतिमा जुळवताना ग्रेडियंट डिसेंट याच आकड्यांवर पुढचे पाऊल टाकतो.

बायलिनियर कर्नेलचा उतार पायऱ्यापायऱ्यांचा असतो. २०१५ च्या स्पेशियल ट्रान्सफॉर्मर नेटवर्कचे प्रशिक्षण त्यावर उत्तम चालले. पण वक्रता हवी असेल तर ही कर्नेल कामाची नाही.

लँकझॉस कर्नेलबाबत अधिक सावध राहायला हवे. तीन पिक्सेल त्रिज्येच्या लँकझॉसची वजने दोन पिक्सेलांच्या मधोमध मोजली तर बेरीज सुमारे ०.९९४ भरते, १ नव्हे. २०० उजळपणाची सपाट भिंत तिथे १९८.९ होते आणि सपाटीवर खोटा उतार उमटतो. म्हणून बहुतेक जण वजनांना बेरजेने भागतात. पण भागल्यानंतर डेरिव्हेटिव्हही भागाकाराच्या नियमानेच काढायला हवा. फक्त वरच्या पदाचे विकलन केले, तर भिंतीवरचा खोटा उतार तसाच राहतो. ही चूक सहज नजरेतून निसटते, कारण चित्र निर्दोष दिसत असते.

डॉन मिचेल आणि आयआयटी मुंबईचे माजी विद्यार्थी अरुण नेत्रवली यांनी १९८८ मध्ये आपल्या कर्नेलचे गुणांक चित्रे पाहणाऱ्यांच्या पसंतीवरून निवडले. तरी वरच्या उताराच्या कसोटीवर ती बरोबर १ देते. तिचा दुसरा डेरिव्हेटिव्ह मात्र कीज यांच्या कर्नेलसारखाच तुटक आहे. तोही अखंड हवा असेल तर घन बी-स्प्लाइन घ्यावी. तिचा डेरिव्हेटिव्ह म्हणजे अर्धा-अर्धा पिक्सेल दोन्हीकडे सरकवलेल्या दोन वर्ग बी-स्प्लाइनमधली वजाबाकी. हिशेब इतका स्वच्छ. अट एकच, आधी प्रीफिल्टर लावायचा. तो गाळला तर पिक्सेलचे स्वतःचे वजन २/३ उरते आणि चित्र पुसट होते. सायपाय लायब्ररीमध्ये हा प्रीफिल्टर मुळातच चालू असतो. वेग वाढवण्यासाठी तो बंद करणाऱ्यांनी काय गमावले तेही मोजावे.

या मासिकाकडे येणाऱ्या लेखांत नुसते ‘बायक्युबिक वापरले’ असे वाक्य यापुढे पुरेसे मानले जाणार नाही. गुणांक कोणता, वजने बेरजेने भागली का, आणि डेरिव्हेटिव्ह सूत्राने काढला की शेजारच्या किमतींच्या फरकाने, हे लेखकांनी लिहावे. सोबत उताराच्या चित्रावरची कसोटी पाव-पाव पिक्सेल सरकवून जोडावी. तिला चार-पाच ओळींचा कोड पुरतो.