आधी वीज, मग गडगडाट

साप्ताहिक सदर : यंत्र आणि श्रुती
लेखक : श्रुतिधर

वडिलांचा मंडपाचा व्यवसाय सांभाळून लग्नसराईत आणि सप्ताहाच्या दिवसांत मोबाईलवर चित्रीकरण करणारा व त्यावर चार पैसे गाठीला बांधणारा आमच्या गल्लीतील एक तरुण गेल्या आठवड्यात दिवेलागणीला माझ्याकडे आला आणि हातून काही अपराध घडावा तसा उंबरठ्याशीच घुटमळला. नेवासे तालुक्यातील एका गावी हरिनाम सप्ताहात झालेले दीड तासाचे कीर्तन त्याने टिपले होते. आरंभीच्या अभंगात महाराजांचे ओठ आणि त्यांचे शब्द बरोबरीने चालत होते. परंतु अर्धा तास उलटताच शब्द रेंगाळू लागले, आणि शेवटच्या नामगजरात तर पखवाजवादकाचे हात मांडीवर विसावल्यानंतर पाच सेकंदांनी त्याची अखेरची थाप ऐकू येई. ‘गुरुजी, आवाज मागं पडतोय. सुरुवात जुळवली तर शेवट बिघडतो, शेवट जुळवला तर सुरुवात,’ एवढेच तो म्हणाला. ठरलेल्या रकमेपैकी निम्मी रक्कम सप्ताहाच्या मंडळींनी ‘व्हिडिओ नीट झाल्यावर’ या सबबीवर राखून ठेवली आहे, हे त्याने चहा झाल्यावर, जरा मान खाली घालून सांगितले.

आपल्या या दोन वाक्यांत रोगाचे निदान जवळजवळ पुरे झाले आहे, याची त्याला कल्पना नव्हती. ओठ आणि आवाज जुळत नाहीत, ही तक्रार वरवर एक दिसली तरी तिच्या पोटात दोन सर्वस्वी भिन्न दोष दडलेले असतात. एका दोषात आवाज आरंभापासून अखेरपर्यंत सारख्याच अंतराने पुढे किंवा मागे राहतो. दुसऱ्यात ते अंतर मिनिटामिनिटाला वाढत जाते. पंढरीच्या वाटेवर उशिरा निघालेला पण दिंडीच्याच चालीने चालणारा वारकरी आणि दिंडीबरोबरच निघालेला पण मंद चालीचा वारकरी, या दोघांत जो भेद तोच येथे आहे : पहिल्याला एकदा पुढे नेऊन सोडले की तो अखेरपर्यंत दिंडीत राहतो, दुसऱ्याला कितीदा पुढे नेले तरी तो पुन्हा मागे पडतो. आमच्या तरुणाने तीन रात्री जागून दुसऱ्या रोगावर पहिल्याचे औषध दिले होते. यंत्राचे अज्ञान हे याचे कारण नव्हे, कारण ते यंत्र तो माझ्यापेक्षा शतपटीने चांगले जाणतो. दोषाची जात ठरवण्यापूर्वीच दुरुस्तीला हात घालण्याची जी आपली सार्वत्रिक सवय आहे, तिचाच हा प्रसाद होता.

मुळात आवाज उशिरा पोहोचणे हा निसर्गाचाच कायदा आहे. मृगाच्या सुमारास अकोले तालुक्यात कळसूबाईच्या अंगाला वीज चमकते, आणि तिचा गडगडाट आपल्यापर्यंत येईतो मनात तीनपर्यंत अंक मोजून झाले, तर ती सुमारे एक किलोमीटरवर पडली असे खुशाल समजावे. कारण हवेतून ध्वनी सेकंदाला अवघे ३४३ मीटर जातो, आणि प्रकाशाला तेवढ्या अंतरासाठी लागणारा काळ आपल्या हिशेबी शून्यच होय. दूरच्या बांधावर कुऱ्हाड आधी पडताना दिसते आणि घाव मागून ऐकू येतो, हे पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलेला मानवी मेंदू उशिरा आलेल्या आवाजाला क्षमा करण्यास शिकला आहे. परंतु घाव आधी ऐकू यावा आणि कुऱ्हाड मागून पडावी, हे सृष्टीत कोठेच घडत नसल्यामुळे त्याला तो क्षमा करीत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९९८ साली दूरचित्रवाणीसाठी केलेल्या शिफारशीत हेच आकड्यांनी नोंदलेले आहे : आवाज चित्राच्या पुढे गेला तर तो सुमारे ४५ मिलिसेकंदांतच प्रेक्षकाच्या ध्यानी येतो, मागे राहिला तर मात्र सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत त्याचा थांग लागत नाही. म्हणून शंका असेल तेथे आवाज एक चौकट मागे ठेवावा, पुढे कदापि ठेवू नये, हा माझा पहिला सल्ला आहे.

आमच्या जिल्ह्याला तर उशिरा येणाऱ्या शब्दाची परंपराच आहे. याच नेवाशास, पैसाच्या खांबाला टेकून, शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतेवरील टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली असे आपण मानतो. तेव्हा लेखणी वाणीच्या मागेच धावत असली पाहिजे, परंतु क्रम ढळला नाही आणि प्रमाण सुटले नाही, म्हणून ग्रंथ सिद्ध झाला. अलीकडच्या काळातील उदाहरण घ्यायचे तर नगरजवळच्या अरणगावी, मेहेराबादेत, मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ रोजी मौन धारण केले ते ३१ जानेवारी १९६९ रोजी देहावसान होईपर्यंत सोडले नाही. अक्षरफलकावरील बोट आणि १९५४ मध्ये तो फलकही दूर सारल्यावर केवळ हाताच्या खुणा, हीच त्यांची भाषा होती, आणि ती जवळचा शिष्य मोठ्याने वाचून दाखवी. अर्थ आधी दिसे आणि आवाज, तोही दुसऱ्याचा, मागून येई. तरी समोरच्या श्रोत्याला त्यात विसंगती वाटत नसे. विलंब मनुष्य पोटात घालतो. विषमता मात्र त्याला सोसत नाही.

चित्रपटसृष्टीने हा धडा फार पूर्वी गिरवला. नगरला १९१८ साली जन्मलेले शाहू मोडक १९३२ सालच्या ‘श्यामसुंदर’ या बोलपटातून बालवयातच पडद्यावर आले, तेव्हा पार्श्वगायन नावाची सोय अस्तित्वात नव्हती. नटाने कॅमेऱ्यासमोर स्वतः गायचे आणि वादकांनी चौकटीबाहेर कोठेतरी आडोशाला बसून साथ करायची, असा तो काळ असल्यामुळे ओठ आणि आवाज जुळवावे लागतच नसत. १९३५ साली हिंदी चित्रपटात पार्श्वगायन आले, आणि आधी ध्वनिमुद्रित केलेल्या गळ्याला मागाहून ओठ जुळवणे ही एक स्वतंत्र कला होऊन बसली. पस्तीस मिलिमीटरच्या फितीवर तर आवाजाची पट्टी आपल्या चित्राच्या सुमारे वीस चौकटी पुढे छापलेली असे. कारण चित्राला भिंगासमोर प्रत्येक चौकटीला क्षणभर थबकावे लागते, आवाजाला मात्र अखंड वाहावे लागते, आणि ही दोन्ही कामे यंत्रात एकाच जागी होणे शक्य नाही. तेथेही अंतर होते. पण ते ठरावाने बांधलेले, पहिल्या रिळापासून शेवटच्या रिळापर्यंत एकसारखे अंतर होते.

मोबाईलमध्ये नेमका हाच एकसारखेपणा हरवतो. फोनच्या पोटात दोन कारकून बसले आहेत असे समजा. आवाजाचा कारकून कमालीचा नियमित : सेकंदाला ४८,००० नोंदी करण्याचे फर्मान त्याला मिळाले, की अंधार पडो वा ऊन तापो, तो तेवढ्याच करतो. चित्राच्या कारकुनाला सेकंदाला ३० चौकटींचे फर्मान असते खरे. परंतु मंडपात उजेड कमी झाला की प्रत्येक चौकटीला अधिक वेळ प्रकाश मिळावा म्हणून तो कधी २४ वरच थांबतो, फोन तापला की एखाददुसरी चौकट गाळतो, उजेड वाढला की पुन्हा ३० वर येतो. प्रत्येक चौकट कोणत्या क्षणी टिपली, हा दाखला तो इमानाने लिहून ठेवतो, म्हणून फोनवर पाहताना सारे ठीक दिसते. परंतु संकलनाचे काही ॲप तो दाखला न वाचता सगळी हजेरी ३० चीच धरून चौकटी मांडतात आणि हिशेब तुटतो. तफावत किती क्षुद्र असली तरी पुरे, हे पाहा : सेकंदाला सरासरी २९.९७ चौकटी भरल्या आणि त्या ३० मानल्या, तर हजारांत एकाचा फरक पडतो. हजारांत एक म्हणजे तासाला ३.६ सेकंद, आणि दीड तासाच्या कीर्तनाला ५.४ सेकंद. आमच्या पखवाजवादकाची हरवलेली थाप या हिशेबात सापडली.

आता उपायाकडे वळू. सर्वप्रथम ब्लूटूथचे इयरफोन काढून तारेचे लावावेत, किंवा फोनच्याच स्पीकरवर ऐकावे. कारण ब्लूटूथ आवाजाला सेकंदाचा दशांश, पंचमांश सहज उशीर लावतो, आणि निर्दोष चित्रफितीवर शस्त्रक्रिया करण्याचे पाप त्यापायी अनेकांच्या हातून घडते. मग आरंभीची एक जागा, मधली एक आणि शेवटची एक, अशा तीन ठिकाणी तफावत तपासावी. ती तिन्हीकडे सारखी असेल तर आवाजाची पट्टी चित्रापासून सोडवून तेवढी सरकवली की काम झाले. ती वाढत गेली असेल तर टाइमलाइनला हात न लावता मूळ फाईल आधी स्थिर गतीची करून घ्यावी; संगणकावर हँडब्रेक नावाचे फुकट मिळणारे साधन आहे, त्यात चौकटींचा वेग निश्चित करून ‘कॉन्स्टंट’ हा पर्याय निवडला, की चित्राच्या कारकुनाची अनियमित हजेरी त्याच्याच दाखल्यांवरून नीट लावली जाते. मूळ फाईल म्हणजे तारेने उतरवून घेतलेली. व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत ही पुन्हा आवळून बांधलेली नक्कल असते, तिच्यावर दुरुस्ती करणे व्यर्थ होय.

आवाज फोनवर न घेता मिक्सरवरून वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला असेल तर तिसरीच गोष्ट संभवते. कोणतीही दोन घड्याळे तंतोतंत एक चालत नाहीत. दहा लाखांत वीस एवढाच फरक असला तरी तासाला ७२ मिलिसेकंद, म्हणजे दोन चौकटींहून अधिक, साचतात. अशा वेळी आरंभ जुळवून शेवटी जेवढे अंतर उरेल तेवढी आवाजाची लांबी, सूर न बदलता, ताणावी किंवा आखडावी. अथवा महाराज पाणी घेतात, विणेकरी पुढे येतो, अशा निःशब्द जागी दर दहापंधरा मिनिटांनी आवाज कापून पुन्हा जुळवावा, म्हणजे सांधा कोणाला ऐकू येत नाही. ४८,००० चे ध्वनिमुद्रण ४४,१०० चे समजून उघडले गेले तर मात्र मिनिटाची ६५ सेकंदे होतात आणि महाराजांचा गळा घोगरा होतो. हा दोष कानाला तत्काळ कळतो, आणि आकडा सुधारताच जातो. शिवाय फोन मंडपाच्या टोकाला, व्यासपीठापासून ६० मीटरवर असेल आणि कर्णे व्यासपीठाशीच असतील, तर फोनच्या माईकला आवाज १७५ मिलिसेकंद, म्हणजे पाच चौकटी, उशिरा मिळणारच. तो फोनचा दोष नव्हे, ते अंतराचे देणे आहे, आणि ते अखेरपर्यंत सारखेच राहत असल्यामुळे एका सरकवण्यात फिटते.

हे सर्व लिहिताना मनात खरी खंत वेगळीच आहे. नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापन शिकताना नागराज मंजुळे यांनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्याच विभागात शिकलेल्या भाऊराव कऱ्हाडे यांच्या ‘ख्वाडा’ला ६२व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत जो सन्मान लाभला त्यात प्रत्यक्ष स्थळी केलेल्या ध्वनिमुद्रणाचा पुरस्कार होता, हे किती जणांच्या स्मरणात आहे? मेंढरांचा कालवा, वारा आणि माणसांची बोली जागच्या जागी टिपण्याची ती करामत होती. असे असूनही आपल्याकडे चित्रीकरण ठरवताना कॅमेरा किती, ड्रोन आहे का, याची चौकशी होते. आवाज कोठून घेणार, हे कोणी विचारीत नाही. निम्मी रक्कम रोखून धरणाऱ्या मंडळींनी कीर्तनापूर्वी त्या पोराला पाच मिनिटे उजेड आणि आवाज तपासू दिले होते काय, असे मी विचारले, तर उत्तर अर्थातच नकारार्थी आले. उद्या हे महाराज नसतील, तो पखवाजवादक नसेल; तेव्हा ही चित्रफीत गावाच्या दप्तरातील कागद ठरणार आहे, आणि ज्या कागदावर मजकूर एका तारखेचा आणि शिक्का दुसऱ्या तारखेचा, त्याला कोणती कचेरी पुरावा मानील?

म्हणून खरा उपाय संकलनाच्या टेबलावर नसून चित्रीकरणाच्या जागी आहे. फोन विमान-अवस्थेत टाकावा, म्हणजे मध्येच फोन येऊन चित्रण खंडित होणार नाही. व्यासपीठावर पुरेसा उजेड मागून घ्यावा आणि एक्स्पोजर बांधून ठेवावे, म्हणजे चित्राचा कारकून सुस्तावणार नाही. वीज आपल्याकडे सेकंदाला ५० आवर्तनांची असल्याने फोनमध्ये २५ चौकटींची सोय असेल तर ती घ्यावी, म्हणजे दिवे लुकलुकणार नाहीत. आणि सर्वांत मोलाचे, परंतु फुकटचे : आरंभी एकदा आणि अखेरीस एकदा कॅमेऱ्यासमोर स्वच्छ टाळी वाजवावी. तळहात भिडल्याची चौकट आणि आवाजाच्या पट्टीवर उठलेला सुळका ही दोन साक्षीदारांची जबानी होय. आरंभीची साक्ष विलंब सांगते, अखेरची विषमता. दोन्ही असल्या म्हणजे कोणताही हिशेब मिटवता येतो.

तरुणाचे कीर्तन आम्ही त्याच रात्री जुळवले. परवा तो दुसऱ्या गावी काल्याच्या कीर्तनाला गेला होता, तेथील हकिगत त्याने सांगितली. टाळीपेक्षा टाळ बरा, असे मनाशी ठरवून त्याने एका वृद्ध टाळकऱ्याला फोनसमोर उभे केले आणि एकच ठोका देण्याची विनंती केली. म्हाताऱ्याने टाळ उचलले, क्षणभर थांबून विचारले, ‘कोणत्या अभंगाचा रे?’

‘अभंगाचा नाही, बाबा. हिशेबाचा.’

म्हाताऱ्याने तो ठोका असा चोख दिला, की शेवटी दुसरा मागावा लागला नाही. कीर्तन संपताच तो आपण होऊन फोनसमोर येऊन उभा राहिला.